विशालमामाचा वास

मुलांनो, डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. फार मोठी नको. सिमेंटची फरशी, एक पलंग, पलंगाखाली हिरव्या रंगाची लोखंडी पेटी. छताच्या कडीला एक पांढरं लुगडं झोळीसारखं बांधलेलं, बाळाला झोपवायला. खिडकी बंद, कारण ती उघडली की कारखान्यांची काळी भुकटी आत येते. झोळीत बाळ नाही, ते दवाखान्यात आहे. तरी झोळी हळूहळू हलते आहे. तुमचाच खांदा लागला असेल, असं समजा. पण तो वास? गार, गोडसर, नाकातून थेट डोक्यात चढणारा. बाळ नसताना, पेटी बंद असताना तो कुठून येतो आहे?

आता डोळे उघडा. त्या खोलीत दहा वर्षांची दीक्षा उभी होती, आणि तो वास कोणाचा हे तिला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं. तो विशालमामाचा होता. आणि विशालमामा तर दीक्षाच्या आईचा जन्म होण्याआधीच वारला होता.

दीक्षाच्या आजीआजोबांचं घर रायपूरच्या बाहेरच्या अंगाला, बीरगांवात. आजोबा मारोती, त्यांना सगळे आबा म्हणत. जवळच्या सिलतऱ्याच्या एका स्पंज लोखंडाच्या, म्हणजे जाळीदार कच्च्या लोखंडाच्या, कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली होती. दीक्षाचे बाबा डोंगरगडला रेल्वेत. त्या जानेवारीत दीक्षाची आई उत्पला दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली, आणि तिच्यासोबत दीक्षाही.

या घरात एक गोष्ट कधी बोलली जात नसे, ती म्हणजे भुताखेताची. आबा रविवारी बुद्धविहारात वस्तीतल्या पोरांना गोळा करत आणि सांगत, "भूतबित काही नसते रे. कोनाले दिसलं तर माह्याकडे घेऊन या, चहा पाजतो त्याले." पोरं हसत. आबांचा शब्द घरात सगळ्यांना पटत होता. आजीला, म्हणजे सरलाआजीलाही पटत होता. म्हणून तर तिच्या मनात जे होतं, ते ती कोणाला सांगू शकत नव्हती.

आता त्या लुगड्याविषयी. ते आजीच्या आईचं. नागपूरला धम्मदीक्षेच्या दिवशी लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत जमली, तेव्हा ती हेच लुगडं नेसून गर्दीत उभी होती. ते तिनं पुन्हा कधी नेसलं नाही. लेकीसुना बाळंत होत, तेव्हा मात्र ते पेटीतून निघे आणि त्याची झोळी बांधली जाई. घरातल्या प्रत्येक बाळाचे पहिले दिवस त्या झोळीत जात. पुढे ते सरलाआजीकडे आलं. उत्पला त्यात झोपली होती, दीक्षाही झोपली होती. आबा दरवर्षी नीमाचा वाळलेला पाला आणून आजीच्या हाती देत, पेटीत टाकायला. पेटी मात्र आजी एकटीच उघडत असे.

बाळ व्हायच्या थोडे दिवस आधी, दुपारी आबा बाहेर गेलेले बघून आजीनं दीक्षाला जवळ बोलावलं.

"पोट्टे, दुकानातून एक पुडी आणते का? फिनाईलच्या गोळ्या म्हण. अन् पिशवीत घाल, हातात मिरवत येऊ नको."

"काहून, आजी? इसमें छुपाने का क्या है?"

"आणते का नाही, तेवढं सांग."

दीक्षा घेऊन आली. पांढऱ्या गोल गोळ्या, साखरेच्या गोळ्यांसारख्या. आजीनं दार लावलं, पेटी ओढली आणि झाकण उचललं. आतून तो वास एकदम वर आला. आजीनं डोळे मिटले, वाकली, आणि झाकणाखाली तोंड नेऊन खोल श्वास घेतला. विहिरीत वाकून कोणाला तरी हाक मारावी, तशी ती वाकली होती.

"आजी, क्या कर रही हो?"

आजीनं लुगड्याच्या घडीतून जुनी पुरचुंडी काढली, तिच्यातल्या झिजून मुगाएवढ्या झालेल्या गोळ्यांत नव्या टाकल्या आणि गाठ मारली. मग म्हणाली, "तुले एक मामा होता. ठाऊक आहे?"

"नाही."

"विशाल नाव होतं. तुह्या आईच्या आधीचा. आठवड्याचाबी नव्हता झाला. हळदीसारखा पिवळा होत गेला, अन् गेला. याच झोळीत. माह्या मायचा एक पोरगा, माह्या पाठचा भाऊ, तोबी असाच गेला होता." तिनं पुरचुंडी पुन्हा घडीत सरकवली. "तुह्या आबानं त्याचं सगळं देऊन टाकलं. टोपडं, दुपटं, काहीच नाही ठेवलं. म्हणाले, रडून काय होते. पण हा वास आला का नाही, मले तो जवळ असल्यावानी वाटते. या गोळ्या ठेवायचं माह्या मायनंच दाखवलं होतं, त्या दिवसात घरभर हाच वास होता. म्हणून मी हा जाऊ देत नाही."

"मतलब... मामा आता है?"

आजीनं पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "कोनालेच सांगू नको. आबाले तर मुळीच नाही. म्हणतील, बुढी भुतं पाळून राहिली. माही शपथ आहे तुले."

दीक्षानं मान हलवली. त्या दिवसापासून तिला तो वास कुठेही येऊ लागला. उशीत येई, आजीच्या पदरात येई. अंघोळीच्या गरम पाण्याची वाफ वर आली तरी तिला वाटे, आला मामा.

बाळ झालं. मुलगा. नाव आधीच ठरलेलं होतं, यशदीप. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा आबांनी गल्लीत पेढे वाटले आणि आजीनं झोळी बांधली. मुलांनो, इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. आजीच्या आईकडे गावात पेटीतले कपडे दिवसभर उन्हात पडत आणि मगच अंगाला लागत. बीरगांवात ते जमत नाही. पांढरं कापड गच्चीवर टाकलं की तासाभरात त्यावर काळी भुकटी बसते. म्हणून इथे लुगडं पेटीतून निघे ते थेट झोळीतच जाई.

दोन दिवस बाळ गुटगुटीत होतं. तिसऱ्या दिवशी दीक्षा झोळीत डोकावली तेव्हा त्याच्या डोळ्यांची पांढरी बाजू पिवळी दिसली. तिला वाटलं, पांढऱ्या कापडातून उजेड तसा पडतो आहे. मग बाळानं सू केली. कापडावर डाग पडला तो कोऱ्या चहासारखा. आणि त्या डागाच्या शेजारी तिला आणखी एक डाग दिसला. अगदी फिका, कितीतरी धुण्यांतून उरलेला, पण त्याच रंगाचा.

"आजी," ती हळूच म्हणाली.

आजी आली, बघून तिथेच खाली बसली. तिनं त्या जुन्या डागावर बोट ठेवलं.

दवाखान्यात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर नुसता लंगोट. सिस्टरनं समजावलं की नव्या बाळांना कावीळ होतेच, बहुतेकांची आपोआप उतरते, घाबरू नका. आणि खरंच, दोन दिवसांत यशदीपचा रंग निवळला. घरी आणला, झोळीत घातला. दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा पिवळा झाला, आधीपेक्षा जास्त. दूध पिईना, रडणं बारीक झालं, मांजराच्या पिलासारखं.

शेजारच्या साहूकाकी दारात येऊन म्हणाल्या, "दीदी, बुरा मत मानना. अस्पताल में अच्छा रहता है, घर आते ही बिगड़ जाता है. घर में कुछ है. कुछ दिन के लिए घर बदल लो."

आबा गरजले, "काकी, घरात चुना-माती-विटा आहेत. दुसरं काही नाही!" पण काकी गेल्यावर ते उठले आणि त्यांनी रेडिओ लावला, मोठ्या आवाजात. आबा रेडिओ कधीच लावत नसत. दीक्षानं पाहिलं, ते झोळीकडे पाठ करून बसले होते.

बाळाला दुसऱ्यांदा दवाखान्यात नेताना आई रिक्षात चढली आणि म्हणाली, "बाबा, मी त्या घरी परत येत नाही. बाळ बरं झालं तरी नाही येत. त्या खोलीत काहीतरी आहे, तुमी म्हना का नका म्हनू."

आबांनी रिक्षावाल्याला निघायची खूण केली.

त्या दुपारीच दीक्षा झोळीच्या खोलीत उभी होती. तुम्ही डोळे मिटून पाहिली ना, तीच खोली. ती आईचे कपडे घ्यायला आली होती. वास आला. झोळी हलली. दीक्षा अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मामा, उसको मत ले जाओ. आजी के पास रहो ना, उसको क्यों ले जाते हो?" ती कपड्यांची पिशवी घेऊन धावतच आबांच्या स्कूटरकडे गेली.

दवाखान्यात या वेळी लहान मुलांच्या डॉक्टर देवश्री मॅडम होत्या. रायपूरच्या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्यात वाढलेल्या. उत्पलाची बोली ऐकून त्या मराठीतच बोलायला लागल्या. त्यांनी सगळं शांतपणे विचारलं आणि एक प्रश्न असा विचारला, जो आधी कोणाच्या मनात आला नव्हता. "तुमच्या माहेरच्या माणसांत आणखी कोणी मुलगा असा पिवळा पडून गेला होता का?"

उत्पला आबांकडे बघू लागली. आबांनी चष्मा काढून पुसला. "माहा पयला पोरगा," ते म्हणाले. "विशाल." त्या नावाचा उच्चार त्यांच्या तोंडून आईनंसुद्धा पहिल्यांदा ऐकला.

"आणि मुली?"

"मुलींले काही नाही. ही बसली तुमच्यासमोर, अन् ही तिची."

मॅडमनी मान हलवली आणि रक्ताची एक खास तपासणी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी तिचा निकाल आला. तेव्हा दीक्षा, आई आणि आबा तिघंही काचेच्या दाराबाहेर बाकावर होते. आजी घरी होती. तिनं दवाखान्यात यायला नकार दिला होता. मी आली का पोरगं जाईल, एवढंच म्हणाली होती.

"यशदीपच्या रक्तात एक एन्झाइम फार कमी आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याचं नाव जी-सिक्स-पी-डी. नाव राहू द्या, काम समजून घ्या. काका, तुम्ही स्पंज लोखंडात होतात ना? ते लोखंड उघड्यावर ठेवलं तर काय होतं?"

आबा थोडे सावरले. "ओलं झालं तर गंजते. नुसतं गंजत नाही, तापते. ढीग असला तर धूर निघते, आगबी लागते. म्हणून कोरडं ठेवा लागते, झाकून."

"बरोबर. आपल्या रक्तातल्या लाल पेशींतही लोखंड असतं, आणि त्या दिवसभर प्राणवायू वाहत असतात. म्हणजे जळायचा धोका सतत. हे एन्झाइम त्या पेशीचं झाकण धरून ठेवतं. शरीरातल्या बाकीच्या पेशींना हे काम करायला आणखी वाटा आहेत. लाल पेशीला एवढी एकच. त्यातून ती तयार होताना आपलं केंद्रक टाकून देते, त्यामुळे मधे एन्झाइम संपलं तर नवीन करता येत नाही. घरून डबा घेऊन निघालेल्या माणसासारखं. डबा संपला की संपला."

"और यशदीप का डिब्बा छोटा है?" दीक्षानं विचारलं.

"हो. एरवी भागतं. असे लाखो लोक आहेत, त्यांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण बाहेरून काही विशिष्ट गोष्ट आत गेली, एखादं औषध वगैरे, तर त्या पेशी एकदम फुटायला लागतात. फुटल्या की त्यांतून पिवळा रंग निघतो. मोठ्या माणसाचं यकृत तो निस्तरतं. बाळाचं नवं असतं, त्याला जमत नाही. तो रंग फार वाढला तर मेंदूत शिरतो. मग ऐकू येणं जाऊ शकतं, हातपाय कडक होऊ शकतात, आणि..." त्या थांबल्या. "आत्ता रक्तातल्या त्या रंगाचा आकडा चढतो आहे. संध्याकाळपर्यंत उतरला नाही तर बाळाचं रक्त बदलावं लागेल. ते आम्ही करू. पण कशानं होतंय तेच सापडलं नाही, तर नव्या रक्तानंही किती दिवस भागेल? म्हणून नीट आठवून सांगा. बाळाला कोणतं औषध दिलं? काढा? घुटी?"

"काही नाही," आई म्हणाली.

"मेंदी लावली?"

"नाही."

"घरात फिनाईलच्या गोळ्या? कपड्यांत ठेवतात त्या?"

"नाही, मॅडम," आबा ठामपणे म्हणाले. "पेटीत आमी नीमाचा पाला टाकतो. मी सोता आणतो."

आईनंही नकारार्थी मान हलवली. मुलांनो, ती खोटं बोलत नव्हती. त्या लुगड्याला वास होता, पण तो तिला फिनाईलचा वास म्हणून कधी आलाच नव्हता. ती त्यातच झोपली होती, त्यातच वाढली होती. तिच्या लेखी तो तिच्या आजीच्या लुगड्याचा वास होता, आणि आबांच्याही लेखी तसाच.

दीक्षाच्या मांडीवर पिशवी होती. तिनं तिचे बंद घट्ट धरले. तिला दुकान आठवलं, पांढऱ्या गोळ्यांची पुडी आठवली. आजीचा पेटीत वाकलेला चेहरा आणि ती शपथ. सांगितलं तर आजीची गोष्ट आबांना कळणार. आजी मग कोणाला तोंड दाखवणार? आणि मामा? त्याचं आजीजवळ उरलेलं एवढंच होतं, तेही जाणार.

काचेपलीकडे निळ्या उजेडात यशदीप पडला होता. त्याचे पाय पूर्वी सारखे हलत, आज हलत नव्हते.

"मॅडम," ती म्हणाली, "खुशबू खून में जा सकती है क्या?"

देवश्री मॅडम तिच्याकडे वळल्या. "काय म्हणालीस?"

"मतलब वास. नुसता वास. खाल्लं नाही, पिलं नाही. वासानं रक्त फुटते का?"

"कशाचा वास, बेटा?"

आबा म्हणाले, "पोट्टी घाबरली आहे, मॅडम..." पण मॅडमनी हात करून त्यांना थांबवलं आणि दीक्षासमोर खाली बसल्या.

दीक्षानं सगळं सांगितलं. पुरचुंडी, झोळी, दुकानातून आणलेली पुडी. "मी आणली," ती दोनदा म्हणाली. आजी तो वास का जपते, हेही तिनं सांगितलं, कारण अर्धं सांगितलं तर आजी वाईट ठरेल असं तिला वाटलं. विशालमामाचं नाव घेताना तिनं आबांकडे पाहिलं नाही.

आबा उभे राहिले. भिंतीकडे तोंड करून थांबले, तसेच.

"वास म्हणजे त्या गोळीचीच हवेत उडालेली वाफ," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "गोळी झिजते ना? ती जाते कुठे? हवेत जाते, कापडात मुरते. त्या कापडात बाळ दिवसरात्र गुंडाळलेलं असलं तर श्वासातून आणि कोवळ्या कातडीतून आत शिरते. दवाखान्यात ती झोळी नव्हती, म्हणून ते इथे सुधारत होतं. तू फार मोठं काम केलंस. आता ती झोळी त्याच्या आसपासही यायला नको. बाकी आमच्याकडे."

"मग मी का नाही झाली पिवळी? मीबी तर त्यातच होती."

"कारण हे एन्झाइम कसं बनवायचं, ती कृती एक्स नावाच्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. मुलींजवळ एक्स दोन असतात. एकावरची कृती बिघडली तरी बहुतेकदा दुसरीवर भागतं. मुलाजवळ एक्स एकच, तोही आईकडून आलेला."

दीक्षानं स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, जिथे निळी शीर दिसते. "म्हणजे ते माझ्यात पण असेल?"

"असू शकेल. तपासून बघू. तुझ्या आईत आहे, आजीत असणार, तिच्या आईतही असणार. किती पिढ्या मागे, कोणाला माहीत. आणि एक ऐक. जिथे जंगलं आणि हिवताप, त्या मुलखांत हा दोष जास्त सापडतो. शास्त्रज्ञांना वाटतं, अशा रक्तात हिवतापाचा जंतू नीट वाढू शकत नाही. तुझी कोणी फार जुनी आजी कदाचित यामुळेच तापातून वाचली असेल. ती वाचली म्हणून तू आहेस."

दीक्षाला इतके दिवस वाटत होतं की कोणीतरी बाहेरून घरात येतं. कोणी येत नव्हतं. जे होतं ते आधीपासून आतच होतं, आजीच्या आईपासून हळूहळू चालत तिच्यापर्यंत आलेलं. तिला त्याचीही भीती वाटली, पण ही भीती वेगळी होती. हिच्याशी निदान बोलता येत होतं.

संध्याकाळी आकडा थोडा उतरला. रक्त बदलायची वेळ आली नाही. रात्रभर आई काचेशी उभी होती. सकाळी यशदीपनं दोन्ही पाय झाडले आणि चिडून असा रडला, की सिस्टर म्हणाली, "देखो, अब नेता बन गया."

सकाळी आबा दीक्षाला घेऊन घरी आले. फाटकाशी स्कूटर थांबवून म्हणाले, "तू जा आत. मले... मले जरा वेळ लागते." आणि सीटवरच बसून राहिले.

आजी झोळीच्या खोलीत होती. झोळी तिनं सोडून घडी केली होती. पेटी उघडी होती आणि आजी तिच्यात वाकलेली होती. दीक्षाची चाहूल लागली तरी तिनं मान वर केली नाही.

"गेला का?" तिनं विचारलं.

"नहीं, आजी! ठीक है वो. दूध पी रहा है."

आजीचे खांदे खाली आले. दीक्षा तिच्याजवळ फरशीवर बसली आणि तिनं जे ऐकलं होतं ते तिच्या पद्धतीनं सांगितलं. डबा, झाकण, गंजणारं लोखंड, दोन एक्स आणि एक एक्स. मधेमधे हिंदीत, मधेमधे मराठीत. शेवटी पुरचुंडीपर्यंत आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला.

"मी तुही शपथ मोडली," ती म्हणाली.

आजीनं पेटीचा काठ धरला. "मंग विशालले मीच..." ती म्हणाली.

"मॅडम म्हणाल्या, मामाचं आता नक्की सांगता येत नाही. त्याचं रक्त कोणी तपासलं नव्हतं. आणि आजी, तो दोष डोळ्यांनी दिसत नाही. डॉक्टरलाबी बिना मशीन दिसत नाही. मग तुले कसा दिसन?" तिनं पुरचुंडीकडे बोट दाखवलं. "आणि या वेळची पुडी तर मी आणली होती. तू चूक, तर मीबी चूक."

"तू काहून वं चूक? लेकरू आहेस. मी सांगितलं म्हणून आणली."

"मग तुलेबी तुह्या आईनं दाखवलं म्हणूनच तू ठेवत होती ना?"

आजीनं तिच्याकडे पाहिलं. मग पेटीतून पुरचुंडी काढली, तळहातावर धरली आणि विचारलं, "ह्या फेकल्या, लुगडं धुतलं, तर वास राहणार नाही. नाही का?"

"नाही राहणार."

"मंग तो कुठं येईल?"

हे देवश्री मॅडमनाही विचारता आलं नसतं. दीक्षानं आजीच्या हातातली पुरचुंडी घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गच्च गाठ मारली आणि बाहेर नेऊन ठेवली. मग परत आली, लुगड्याची घडी दोन्ही हातांत उचलली आणि मागच्या मोरीवर नेली. बादलीत कोमट पाणी ओतलं, साबण घेतला.

आजी दारात उभी राहून बघत होती. पहिल्या पाण्याला वास उठला, इतका की दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. दीक्षानं ते ओतून दिलं, दुसरं घेतलं, मग तिसरं. वास पातळ होत गेला. आबा कधीतरी आत आले होते. मोरीपासून थोडं दूर, भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या हातात गच्चीवर बांधायला दोरी होती आणि काळी भुकटी पडू नये म्हणून वरून धरायला आईची जुनी, विरळ ओढणी.

"किती वेळ उन्हात ठेवा लागते?" त्यांनी विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही.

"बहुत," दीक्षा म्हणाली. "दोन-तीन दिन. अन् तरी झोळी नाही बांधायची, मॅडमनी सांगितलं."

घासता घासता दीक्षाचा हात एका जागी आला. यशदीपचा डाग ताजा होता, तो निघून गेला होता. त्याच्या शेजारचा जुना, फिका डाग ओल्या कापडावर पुन्हा उमटला होता. तळहाताएवढा, कडेला किंचित गडद. तिनं साबण उचलला. मान वर केली तर आजी त्या डागाकडेच बघत होती. आबाही. इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

"हा विशालचा आहे," आजी म्हणाली. या घरात ते नाव ती पहिल्यांदाच आबांसमोर घेत होती. "किती धुतला, नाही निघाला."

दीक्षानं साबण खाली ठेवला. तेवढी जागा तिनं नुसत्या स्वच्छ पाण्यानं विसळली, आपल्या अंगाकडे ओढून घेतली, नाक लावून पाहिलं. वास नव्हता, फक्त ओल्या सुताचा गारवा होता. मग लुगड्याचं दुसरं टोक तिनं आजीच्या हातात दिलं, स्वतः हे टोक धरून चार पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "आजी, पकडो ठीक से. पिळू. अन् पिळता पिळता सांग, मामाचे कान कसे होते? यशदीपसारखे, का आबासारखे मोठे?"